सोळा मिलिसेकंदांची लोकल

मघाशी पुढच्या रांगेतून प्रश्न आला, की एकच गेम एका कन्सोलवर सुळसुळीत चालतो आणि दुसऱ्यावर अडखळतो, ते का? ‘मशिन कमी ताकदीचं’ हे उत्तर चूक नाही, पण अर्धंच आहे.

सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, दाखवायची तर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात इंजिनाने, म्हणजे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, शत्रूंच्या चाली ठरवायच्या, कोण कोणावर आदळलं ते मोजायचं, सावल्या टाकायच्या, धूर रंगवायचा. आणि काम १७ मिलिसेकंदांत झालं तर? ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या टीव्हीवर, व्हीसिंक (टीव्हीच्या ठोक्यालाच चित्र बदलायची सोय) चालू असेल तर, त्या फ्रेमची लोकल सुटली. पुढची येईपर्यंत फलाटावर उभं राहायचं. दर फ्रेमला असंच होत राहिलं आणि बफर (चित्रं ठेवायच्या जागा) दोनच असतील, तर ६०चे ५८ होत नाहीत, थेट ३० होतात!

२०१६चा ‘डूम’ घ्या. त्याचं इंजिन आयडी टेक ६. प्लेस्टेशन ४चा ग्राफिक्स प्रोसेसर १.८४ टेराफ्लॉप्सचा (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं), एक्सबॉक्स वनचा १.३१चा. बराच फरक आहे, तरी गेम दोन्हीकडे ६०चं लक्ष्य ठेवून चालतो. कारण राक्षसांची गर्दी झाली की इंजिन गुपचूप रिझोल्यूशन उतरवतं. खेळणारा जीव मुठीत धरून पळत असतो, पिक्सेल मोजायला त्याला सवड कुठे? २०१७मध्ये पॅनिक बटनने हाच गेम निन्टेंडो स्विचवर आणला, तेव्हा मात्र रिझोल्यूशन ७२०पीच्या आत ठेवूनही भागलं नाही. तिथे ३० फ्रेम धरल्या, म्हणजे प्रत्येकीला दुप्पट वेळ.

पण रिझोल्यूशन उतरवून हलका होतो तो ग्राफिक्सचा भार. सीपीयूचा, म्हणजे मुख्य प्रोसेसरचा, नाही. चित्र १०८०पी असो की ७२०पी, रस्त्यावरची माणसं तेवढीच, त्यांचे विचारही तेवढेच. डिसेंबर २०२०मध्ये ‘सायबरपंक २०७७’ प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलांवरही आला: गजबजलेलं शहर, पळत्या गाड्या आणि खाली जॅग्वार या सीपीयूचे मंद कोअर, संथ हार्ड डिस्क. सोनीने १८ डिसेंबरला तो आपल्या स्टोअरमधून काढला. जानेवारीत गेम बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्टनेच सांगितलं, की शहराचा डेटा वेळेत आत ओढणारी स्ट्रीमिंग यंत्रणा जुन्या कन्सोलांवर बसवणं जड गेलं. माझ्या मते तो गेम त्या मशिनांवर आणायलाच नको होता, पण ते असो.

आता १२० हर्ट्झच्या टीव्हीवर लोकल दर ८.३ मिलिसेकंदांनी येते. तिसरी पकडली की २५ मिलिसेकंद, म्हणजे ४० फ्रेम. प्लेस्टेशन ५वरच्या ‘रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट’मध्ये हा मोड आहे. आकड्यात ४० हे ३०च्या जवळ वाटतं, पण २५ मिलिसेकंद १६.७ आणि ३३.३च्या बरोबर मधोमध येतात. घरी तसा टीव्ही असेल तर ३० आणि ४०चे मोड लागोपाठ लावा आणि कॅमेरा एखाद्या भिंतीवरून सावकाश फिरवून बघा.