बंगल्यावरची पत्रं : मिशनरी कुटुंबं आणि आपला खान्देश

अध्यक्षमहोदय, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि श्रोतेहो,

पत्रिकेवर विषय छापलाय तो असा : ‘पश्चिम खान्देशातील परदेशी मिशनरी कुटुंबांचा पत्रव्यवहार आणि सामाजिक इतिहास’. नाव जड आहे, म्हणणं साधं आहे. मिशनऱ्यांनी आपल्या वरिष्ठांना जे अहवाल पाठवले ते अभ्यासकांनी बऱ्यापैकी वाचले. पण त्यांच्या बायकांनी आईला, बहिणीला, वसतिगृहातल्या लेकरांना जे लिहिलं, त्याकडे कोणी वळून पाहिलं नाही. कोणाला दात आला, कोणाला ताप आला, रजेवर कधी जायचं, घरून पार्सल आलं की नाही, असल्या बातम्यांना इतिहास कोण म्हणणार? मी म्हणतो. आणि आज तुम्हाला ते पटवून द्यायचं ठरवून आलोय.

हे धुळ्यात बोलायला मिळतंय याचा मला विशेष आनंद आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, माळे धुंडाळले, लोकांच्या दारात बसून दप्तरं मागितली, आणि 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. त्यांनी 1926 च्या शेवटच्या दिवशी देह ठेवला तो याच गावात. जुना कागद म्हणजे काय, हे धुळेकरांना मी सांगायची गरज नाही.

तर पार्श्वभूमी थोडक्यात. फ्रेड्रिक फ्रान्सन नावाच्या स्वीडिश धर्मोपदेशकानं 1890 मध्ये शिकागोत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन काढलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची माणसं आपल्याकडे, तापी खोऱ्यात आली. नंदुरबार, नवापूर हा पट्टा तुम्हाला माहीत आहे. चिंचपाड्याचा मिशन दवाखाना तर घरोघरी ठाऊक. त्या दवाखान्यात जन्मलेलं कोणी आहे का सभागृहात? हात वर करा. हां, मागे दोन, आणि या ताई. बघा, इतिहास समोरच बसलाय!

आलेल्यांपैकी अनेकांची घरची भाषा इंग्रजी नव्हती, स्वीडिश किंवा नॉर्वेजियन होती. बर्फातून निघालेली माणसं आपल्या 44 अंशांच्या उन्हात येऊन राहिली. धर्मांतराबद्दल या सभागृहात मतं असतील, तीव्रही असतील. असू द्यात. त्यावर स्वतंत्र व्याख्यान ठेवा, मी श्रोता म्हणून येईन. आज मी घराबद्दल बोलतोय.

मराठी मुलखातली अशा घरांची कहाणी खूप आधी सुरू होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल न्यूएल हे अमेरिकन मिशनरी मुंबईत स्थिरावले 1813-14 च्या सुमाराला. न्यूएल एकटेच आले होते. त्यांची पत्नी हॅरिएट आदल्या वर्षी मॉरिशसला वारली, वय 19. त्याआधी तिचं तान्हं बाळ जहाजावरच गेलं होतं. हॉल यांनी 1825 मध्ये बायको आणि दोन मुलांना अमेरिकेला परत पाठवलं. त्यातला एक मुलगा वाटेत दगावला. आणि 1826 च्या मार्चमध्ये नाशिक-त्र्यंबकच्या बाजूला फिरत असताना खुद्द हॉल पटकीनं गेले. सुएझ कालवा व्हायला अजून 43 वर्षं होती. टपाल आफ्रिकेला वळसा घालून जायचं. म्हणजे नवरा गेल्याची बातमी त्या बाईपर्यंत पोचायला कित्येक महिने लागले असणार, आणि तेवढे महिने ती त्याला पत्रं लिहीत राहिली असेल. मिशनच्या इतिहासात हॉल यांच्यावर पानंच्या पानं आहेत. त्या बाईंवर चार ओळी.

पुढं जहाजं वाफेची झाली, प्रवास आठवड्यांवर आला, पण ताटातूट संपली नाही, तिचं रूप बदललं. मुलं सहा-सात वर्षांची झाली की शाळेला डोंगरावर. मसुरीचं वुडस्टॉक 1854 पासूनचं, कोडाईकॅनॉलची शाळा 1901 ची. खान्देशातून कोडाईकॅनॉल म्हणजे गाड्या बदलत बदलत जायचं, आणि वर पोचल्यावर घर पुन्हा दिसणार ते मोठ्या सुट्टीत. या वसतिगृहांतून रविवारी घरी पत्र लिहायला बसवायचे. म्हणजे विचार करा, दर आठवड्याला एक पत्र डोंगरावरून खाली खान्देशात, आणि एक खान्देशातून वर. वर्षानुवर्षं!

आता मला जे मनापासून सांगायचंय ते सांगतो. थोडं लांबेल, पण ऐका.

साक्रीकडच्या एका गावात मला एक आजी भेटल्या. त्यांची आई मिशनच्या बंगल्यावर आया होती. आजींनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. आत नाताळची कार्डं, दरवर्षीची, वर्षानुसार दोऱ्यानं बांधलेली. इंग्रजीचं अक्षर येत नाही, पण कुठलं कार्ड कधीचं हे त्या चित्रावरून सांगत होत्या. बंगल्यावरची धाकटी मुलगी आजींच्याच वयाची. दोघी अंगणात एकत्र वाढल्या. मुलीला आधी अहिराणी आली, मग इंग्रजी. ती वसतिगृहात गेली, डिसेंबरात परत आली, तर तोंडातून अहिराणी निघेना. आजी म्हणाल्या, ‘मायनी ते पाह्यं आनी चूल्हापुढे बसीसन रडनी.’ मिशनरी आईचं दुःख आपण समजू शकतो. पण त्या आयाचं दुःख कोणत्या अहवालात येईल, सांगा बरं?

पुढं ती मुलगी अमेरिकेत मोठी झाली, तिचं लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली. सगळं कार्डावर. आणि इकडून पोस्टमास्तर आजींचं उत्तर लिहून द्यायचे. आजींच्या नातवाला एस.टी.त कंडक्टरची नोकरी लागली, ही बातमी मिनेसोटात पोचली आणि तिथून अभिनंदनाचं कार्ड आलं! हसताय तुम्ही, मीही हसलो होतो. पण लक्षात घ्या, साक्री तालुक्यातल्या एका कुटुंबाचा सलग इतिहास आज मिनेसोटातल्या कुठल्या तरी घराच्या माळ्यावर पडलाय.

आणि आपल्याकडचा अर्धा? तो आपण किलोवर विकला.

होय, विकला. संस्थेचं नाव घेणार नाही, माणसाचंही नाही. एका जुन्या मिशन बंगल्याची दुरुस्ती निघाली. उंच छत, मंगलोरी कौलं, चारी बाजूंनी व्हरांडा, तुम्ही पाहिले आहेत तसले बंगले. सन 1956 मध्ये मध्य प्रदेशात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा अहवाल आला, पुढं परदेशी मिशनऱ्यांना व्हिसा मिळणं अवघड होत गेलं, आणि हे बंगले एकेक करून रिकामे झाले. जाणाऱ्यांनी जड सामान इथंच ठेवलं. या बंगल्यात दोन पत्र्याच्या ट्रंका होत्या. मला कुणीतरी कळवलं, मी पोचलो, तर रद्दीवाल्याची हातगाडी दारात उभी. एक ट्रंक रिकामी झाली होती. दुसरीतले कागद तो तागडीत टाकत होता आणि कुरकुरत होता, कारण कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ, वजनात काही भरेना.

इथली पत्रं परदेशी गेली, मग इथं काय उरलं असेल, असं वाटेल तुम्हाला. तर उरली होती कार्बन कॉपी. बाई टाइपरायटरवर लिहायच्या, मध्ये कार्बन घालून. एक प्रत त्यांच्या आईला, एक सासूला, एक मुलांना, आणि शेवटची, सर्वांत पुसट, ट्रंकेत. त्या शेवटच्या प्रती तागडीत होत्या! मी तिथल्या जबाबदार माणसाला विनवलं, पैसे देतो म्हटलं. उत्तर मिळालं, ‘सर, घरगुती पत्रं आहेत हो, त्यात काय महत्त्वाचं असणार.’ राजवाड्यांच्या जिल्ह्यात हे ऐकायला लागलं. मला त्याचा राग अजून आहे आणि तो राहणार. हाती लागला तो एक पातळ गठ्ठा.

त्यातलं एकच पान सांगतो. जून महिना. धाकट्याचा दात पडला, त्यानं तो उशीखाली ठेवला. आईनं पाठवलेलं लोकरीचं सूत आलं, पण या उन्हात विणणार कोण. विहिरीचा तळ दिसतोय. आणि पुढं, सहज : पलीकडच्या पाड्यावर फिरायला गेलो तर निम्म्या झोपड्यांच्या दारांना काट्या लावलेल्या, माणसं मुलाबाळांसकट गुजरातेत मजुरीला गेलीत, राहिल्यात त्या म्हाताऱ्या आणि कोंबड्या.

त्याच वर्षाचा छापील अहवाल मी नंतर मिळवून वाचला. त्यात त्या हंगामाबद्दल एवढंच आहे : रविवारच्या शाळेची उपस्थिती घटली, अधिक प्रार्थनेची गरज आहे.

पाहा आता! अहवाल लिहिणाऱ्याला उपस्थितीची काळजी, कारण तो देणगीदारांपुढे जाणार. आईला लिहिणारीला कुणाकडून काही मिळवायचं नव्हतं, म्हणून तिनं काट्या लावलेली दारं लिहिली. आदिवासींच्या हंगामी स्थलांतराचा इतका जिवंत पुरावा कुठल्या सरकारी कागदात सापडेल?

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत. मग मुख्य मुद्दा भराभर मांडतो. सविस्तर मांडायचं टिपण खिशात आहे, ते राहू दे.

माझं म्हणणं असं की घरगुती पत्र हे अहवालाच्या शेजारी ठेवून वाचायचं साधन आहे. पाऊस, बाजारभाव, साथी, दवाखान्यात कोण आलं आणि कोण आलं नाही, घरकामाला कोण होतं, त्यांना काय मिळायचं, हे सगळं दात आणि तापाच्या मधल्या ओळींत येतं. आंधळेपणानं मात्र वाचायचं नाही. या पत्रांत भिल्लांबद्दल, आपल्या चालीरीतींबद्दल तुच्छतेची वाक्यंही आहेत, आणि ती वाचताना त्रास होतो. पण घरच्या पत्रात पूर्वग्रह उघडा दिसतो, अहवालात तो सुशिक्षित भाषेत झाकलेला असतो. अभ्यासकाला उघडा बरा.

दुसरं, भाषांतर. यातली बरीच पत्रं स्वीडिश-नॉर्वेजियनमध्ये असणार. आपल्या विद्यापीठानं दोन मुलांना जरी त्या भाषा शिकवायचं मनावर घेतलं तरी काम सुरू होईल. ती कुटुंबं आज तिकडे हयात आहेत, त्यांच्याकडे नम्रपणे स्कॅन मागता येतात. मागितले पाहिजेत.

तिसरं, चर्चमधल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदवह्या, आणि मिशन आवारातल्या लहान मुलांच्या कबरी. कबरींवरचे दगड झिजतायत. नावं आणि तारखा वाचता येतायत तोवर फोटो काढून ठेवा. चर्चच्या पंच मंडळींना माझी विनंती आहे की परवानगी देताना हात आखडता घेऊ नका.

आणि आज तमिळनाडूतून, मिझोराममधून येऊन इथं काम करणारी कुटुंबं आहेत. त्यांच्या घरच्या बातम्या फोनवर जातात आणि फोन बदलला की पुसल्या जातात. त्यांनाही सांगायला हवं, की थोडं कागदावर लिहा.

ज्यांच्या घरातलं कोणी बंगल्यावर आया, खानसामा, माळी, कंपाउंडर होतं, त्यांनी चहाच्या वेळी मला भेटावं. कार्ड असो, फोटो असो, जुना लिफाफा असो, मला तो घरी न्यायचा नाही, तुमच्या देखत मोबाईलवर टिपून घेईन आणि परत करीन. हात वर केलेल्या त्या ताईंनी तर जाऊच नये, तुमच्या जन्माच्या वेळी दवाखान्यात कोण डॉक्टरीणबाई होत्या ते मला आजच लिहून घ्यायचंय.