साबणात इसेन्शियल ऑइलचे किती थेंब घालायचे? एकही नाही!

नमस्कार मंडळी. हात धुवायच्या साबणाचा व्हिडिओ टाकला आणि खाली एकच धोशा सुरू झाला: "ताई, थेंब किती?" इसेन्शियल ऑइल, म्हणजे वनस्पतींचं सुगंधी तेल: लव्हेंडरचे किती, टी ट्रीचे किती. एकाने तर नुसतंच लिहिलंय, "थेंब?" बाकी काही नाही.

तर उत्तर ऐका. एकही नाही. थेंब मोजायचेच नाहीत.

(वजनकाटा उचलून दाखवत) हा बघितलात? एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा साधा काटा. साबण याच्यावर होतो. कपावर नाही, चमच्यावर नाही, आणि थेंबांवर तर अजिबातच नाही.

कृती पटकन सांगते, मागच्या व्हिडिओत सविस्तर आहे. ऑलिव्ह तेल 350 ग्रॅम, खोबरेल 150 ग्रॅम. कॉस्टिक सोडा 71 ग्रॅम, पाणी 142 ग्रॅम. गॉगल आणि हातमोजे घाला, खिडकी उघडा. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात कधीही नाही. भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियमचं चालत नाही, सोडा ते खातो आणि त्यातून हायड्रोजन निघतो. द्रावण चांगलंच तापतं, ते कोमट होऊ द्या, तेलात ओता, हँड ब्लेंडर थांबत थांबत फिरवा. वरून धार सोडली की पृष्ठभागावर रेघ राहते, तो ट्रेस. मग सुगंध, मग साचा. एक-दोन दिवसांनी कापायचा, चार ते सहा आठवडे वाळवायचा. झालं.

आता थेंबांकडे येऊ. सुगंधाचं तेल मी मूळ तेलांच्या वजनाच्या 3 टक्के घालते. 500 ग्रॅम तेलाला 15 ग्रॅम. मिलीलिटरला वीस थेंब धरले तरी हे 300 च्या वर जातात! फोन वाजला की गेलं, पुन्हा एकपासून मोजा. आणि थेंब तरी सारखे असतात का? खसाचं तेल मधासारखं घट्ट, संत्र्याचं पाण्यासारखं पातळ. एका बाटलीचं तोंड बारीक, दुसरीचं रुंद. तुमच्या दहा थेंबांत आणि माझ्या दहा थेंबांत दुपटीचा फरक पडू शकतो. मग मी तुम्हाला आकडा सांगून उपयोग काय?

"पण ताई, सुगंध थोडा कमी-जास्त झाला तर काय बिघडतं?" लव्हेंडरचं फारसं बिघडत नाही, खरं आहे. लवंगेचं विचारा मला. माझा तिसरा की चौथा साबण. बाटलीचं बूच सैल होतं, तेल भसकन पडलं, किती ते देवाला ठाऊक. म्हटलं, छान वास येईल. मी साचा घ्यायला वळले आणि परत बघते तर पातेल्यात सिमेंट! ब्लेंडर आतच उभा. शेवटी कालथ्याने खरवडून साच्यात ठोकला. लवंगेतलं युजेनॉल मिश्रणाला असं झपाट्याने घट्ट करतं, शिवाय त्वचेलाही ते झोंबतं. लवंग आणि दालचिनी मी अर्ध्या टक्क्याच्या वर नेत नाही. म्हणजे 500 ग्रॅमला अडीच ग्रॅम, आणि त्यासाठी दशांश दाखवणारा छोटा काटा वापरते. थेंबांत हे कसं सांगणार तुम्ही?

बरं, सुगंध सोडा. ज्याला थेंबांची सवय, त्याला कपाचीही असते, आणि खरा धोका तिथे आहे. एका ताईंनी लिहिलंय, "तुमच्याच मापाने केला, साबण हाताला चुणचुणतो." विचारलं, तेल कसं मोजलंत? म्हणाल्या, मापाच्या भांड्याने, 500 मिली. तिथेच गडबड. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, 500 मिली तेल भरतं साधारण 460 ग्रॅम. 100 ग्रॅम ऑलिव्हला सुमारे साडेतेरा ग्रॅम सोडा लागतो आणि खोबरेलाला सव्वाअठरा. म्हणजे 500 ग्रॅमच्या आपल्या मिश्रणाला पावणेपंचाहत्तर. आपण मुद्दाम 5 टक्के कमी, 71 घालतो, म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं आणि हात कोरडे पडत नाहीत. ताईंच्या 460 ग्रॅमला पुरे होता सुमारे 69. त्यांनी घातला 71. दोन ग्रॅम सोडा साबणात तसाच राहिला, आणि तोच चुणचुणतोय. तुमच्या हातून चूक झाली नाही हो ताई, भांड्याने फसवलं. तो साबण हाताला लावू नका एवढंच.

आणि सोडा चमच्याने घेणाऱ्यांना तर मी हात जोडते. पत्रीचा चमचा वेगळा भरतो, दाण्यांचा वेगळा. काटा वापरा!

काट्याचीही एक खोड सांगते. दोन मिनिटं हात लावला नाही की काही काटे आपोआप बंद पडतात. भांड्याचं वजन शून्य करून ठेवलेलं असतं, ते पुसलं जातं, आणि तुम्ही अर्धं ओतलेलं असतं. म्हणून प्रत्येक वस्तू वेगळ्या वाटीत मोजून, आकडा कागदावर लिहूनच पुढे जा.

"कॉस्टिकशिवाय नॅचरल साबण सांगा" म्हणणारे पुन्हा आलेत. मंडळी, तेल आणि सोडा एकमेकांशी भिडले की साबण आणि ग्लिसरीन होतं. वजन बरोबर असेल तर तयार साबणात सोडा उरतच नाही. वितळवून ओतायचा तयार बेस मिळतो ना, तोही सोड्यासारख्याच अल्कलीतून (क्षारातून) आलाय, फक्त ते काम दुसऱ्या कुणीतरी केलंय. आणि काम करताना द्रावण हातावर उडालंच तर लगेच वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरा. व्हिनेगर शोधत बसू नका.

साबण किसून पाण्यात घालून लिक्विड हँडवॉश करता येईल का? शेंबडासारखं होतं, स्पष्टच सांगते. शिवाय पाणी आलं की जंतू आले, टी ट्रीच्या वासाने ते पळत नाहीत. लिक्विडला कॉस्टिक सोड्याऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा दुसरा अल्कली लागतो, त्याचं गणित वेगळं आहे.

हां, संत्र्या-लिंबाचा वास वाळेपर्यंत उडतो, अशीही तक्रार आहे. उडतोच. ती तेलं फार उडी मारणारी. सोबत थोडं लेमनग्रास किंवा पचौली घाला, वास जास्त टिकतो. किती? (काट्यावर बोट टेकवत) ग्रॅममध्ये विचारा, सांगते.