परत आलेली बेल

(दृश्य: दादर स्थानक, सकाळी साडेआठ. कॅमेरा लोकलच्या शेवटच्या डब्याशी.)

गाडीच्या या टोकाला गार्ड उभे आहेत. 2022 पासून रेल्वेच्या कागदोपत्री त्यांचं पद 'ट्रेन मॅनेजर' झालं, पण फलाटावर अजून सगळे गार्डच म्हणतात. मोटरमन आहेत बारा डब्यांपलीकडे, जवळजवळ पाव किलोमीटर पुढे. दोघांना एकमेकांचा चेहरा दिसत नाही. मधे ही एवढी गर्दी. गार्ड बाहेर वाकून फलाटावर नजर टाकतात आणि बटण दाबतात. दोन बेल.

नीट ऐका. गाडी अजून हललेली नाही.

आता तिकडूनही दोन बेल आल्या. आणि गाडी सुटली.

त्या परत आलेल्या दोन बेलसाठी आम्ही हा माहितीपट करायला घेतला. गार्डनी निरोप दिला एवढ्यावर भागत नाही. तो समोरून जसाच्या तसा परत आला, म्हणजे पोचला. लोकल दिवसभर असंच बोलते. तिच्यातून उतरून आपण कामावर जातो, आणि तिथे मात्र एका 'हो'वर सगळं सोडून देतो.

आपला 'हो' फार पसरट आहे. हो म्हणजे ऐकलं. हो म्हणजे कळलं. हो म्हणजे पटलं. आणि साहेब घाईत असले तर हो म्हणजे, निघू का मी? यातला कुठला 'हो' आपल्याला मिळाला, हे सांगणाऱ्याला कळत नाही.

(दृश्य: फोर्ट. जुन्या इमारतीचा लाकडी जिना, दोरीने बांधलेल्या फायली.)

कामाला लागलो तेव्हा मी फोर्टमधल्या एका वकिलांकडे होतो. एका सोमवारी संध्याकाळी, जिना उतरता उतरता सर म्हणाले, "परवाची फाइल काढून ठेव." मी म्हटलं, "हो सर." शनिवारी ज्या प्रकरणावर आम्ही बसलो होतो, त्याची फाइल मी काढून ठेवली. सरांना हवी होती बुधवारच्या तारखेची. मराठीत 'परवा' मागेही जातो आणि पुढेही. बुधवारी कोर्टात चुकीची फाइल उघडली गेली आणि पुढची तारीख पडली. पालघरहून पहाटेच्या गाडीने आलेले अशील पिशवी उचलून परत निघाले. त्यांची ती पाठ मला अजून दिसते. सरांचं चुकलं नव्हतं, मीही आळस केला नव्हता. "बुधवारची ना, सर?" एवढे तीन शब्द जिन्यावर कोणी बोललं नाही.

मुंबईत तर अर्धं काम हिंदीत चालतं, आणि तिथला 'कल' काल की उद्या, हेही मागचापुढचा संदर्भ धरूनच ओळखायचं. म्हणून वार सांगा, तारीख सांगा.

पण सगळा भार ऐकणाऱ्यावर टाकून चालणार नाही. "समजलं ना?" या प्रश्नाला 'हो'शिवाय दुसरं उत्तर द्यायची सोयच नसते. नाही म्हणणारा चारचौघांत मठ्ठ ठरतो. त्याऐवजी, "मी घाईत सांगितलं. तू कसं करणार आहेस ते मला सांग," असं विचारून पाहा. बोलणं तेच, पण परीक्षा आता सांगणाऱ्याची झाली. माझ्या मते चांगला वरिष्ठ इथे ओळखू येतो.

(दृश्य: घाटकोपरच्या चाळींवरून उतरणारं विमान.)

हे जे विमान उतरतंय, त्याच्या वैमानिकाने नियंत्रण कक्षाची सूचना शब्दशः परत म्हटली आहे. नियंत्रकालाही ती कान देऊन ऐकावी लागते, कारण परत म्हटलेलं कोणी ऐकलंच नाही तर ती नुसती पोपटपंची.

ही शिस्त आणखी कडक होण्यामागे मोठा अपघात आहे. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या तेनेरिफ बेटावर, धुक्यात, एकाच धावपट्टीवर दोन जंबो जेट एकमेकांवर आदळली. 583 माणसं गेली. ज्या विमानाने उड्डाणासाठी धाव घेतली होती, त्याच्या कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली होती, की समोरचं विमान अजून बाजूला झालं नसेल तर? कॅप्टन अनुभवी, मान मोठा. ते ठामपणे म्हणाले, झालंय. इंजिनिअर गप्प बसले. पुढे 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाच्या परवानगीपुरता राखून ठेवला गेला, आणि हाताखालच्या माणसाने शंका कशी लावून धरायची, वरच्याने ती कशी ऐकायची, याचं प्रशिक्षण वैमानिकांना मिळू लागलं.

आपल्याकडे 'सरांना कसं सांगायचं' हा प्रश्न लहान नाही. अहो-जाहो आपल्या हाडात आहे, आणि ते सोडायची गरजही नाही. "सर, मला वेगळं ऐकू आलं, एकदा बघू या का?" यात मानही राहतो आणि शंकाही.

(दृश्य: परळ. एका रुग्णालयाचा वॉर्ड, रात्रीचे आठ. रुग्णांचे चेहरे दाखवायचे नाहीत.)

फोनवरून डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलं. फिफ्टीन. सिस्टर लिहून घेतात आणि वाचून दाखवतात, "वन फाइव्ह. पंधरा युनिट." पलीकडून "बरोबर" आलं, तेव्हाच फोन खाली. घाईत फिफ्टीनचं फिफ्टी ऐकू आलं तर काय होईल, हे इथे प्रत्येकीला माहीत आहे.

आता ड्यूटी बदलतेय. दोघी सिस्टर खाटेखाटेपाशी थांबतात. रुग्ण कोण, आधी काय झालं, आता कसं आहे, रात्री काय करायचं. जाणारी सांगते, येणारी परत म्हणते. मागे वही घेऊन एक शिकाऊ मुलगी उभी आहे. अकरा नंबरपाशी ती हळूच म्हणते, "सिस्टर, तुम्ही रात्री दहा वाजताचा डोस म्हणालात. चार्टवर नऊचा आहे."

सिस्टर थांबतात. चष्मा वर सारून चार्ट ट्यूबलाइटखाली धरतात.

"नऊचाच आहे. बरं झालं बोललीस. लिही."

आणि तिघी बारा नंबरकडे वळतात.