टेंपल सरांच्या पोरी

(दृश्य : नॅशव्हिल, टेनेसी स्टेट विद्यापीठाचं आवार. ट्रॅकवर सराव चालू आहे.)

अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातला हा ट्रॅक. नाव : एडवर्ड एस. टेंपल. हे नाव लागलं १९७८ साली, आणि तेव्हा टेंपल सर याच मैदानावर पोरींकडून धावण्याचा सराव करून घेत होते. त्यानंतरही सोळा वर्षं घेतला.

१९५० मध्ये ते या कामावर आले, तेव्हाचं चित्र वेगळं होतं. सर स्वतः याच विद्यापीठात धावलेले, वय जेमतेम तेवीस. महिना दीडशे डॉलर पगार, आणि तेवढ्या पगारात दोन कामं : मुलींच्या धावण्याच्या संघाचं प्रशिक्षण आणि आवारातलं पोस्ट ऑफिस चालवणं. सकाळी टपाल, दुपारी ट्रॅक. ट्रॅक म्हणजे तरी काय, मातीचा आणि अर्धवट राहिलेला.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

कृष्णवर्णीयांसाठी १९१२ साली सुरू झालेलं हे सरकारी विद्यापीठ. दक्षिणेत तेव्हा वर्णभेद कायद्यानेच होता. गोऱ्यांच्या मोठमोठ्या विद्यापीठांना मुलींनी धावावं यात रस नव्हता. मुलींसाठी राष्ट्रीय पातळीवरच्या महाविद्यालयीन स्पर्धाच नव्हत्या. टस्कीगी आणि टेनेसी स्टेटसारख्या मोजक्या कृष्णवर्णीय संस्थांनी ही दारं उघडली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ऑड्री पॅटरसनने २०० मीटरमध्ये ब्राँझ जिंकलं. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री, आणि ती टेनेसी स्टेटचीच. म्हणजे पाया टेंपल यांच्या आधीच पडला होता. विद्यापीठाचा इतिहास सांगताना लोक हे गाळतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

स्पर्धेला जायचं तर सर स्वतः गाडी चालवत. शेकडो मैलांचा रस्ता, आणि वाटेतल्या हॉटेलात या मुलींना प्रवेश नाही, पेट्रोल पंपावरचं स्वच्छतागृहही बंद. डबा बरोबर बांधून घ्यायचा आणि गाडीतच खायचा. बाकीच्या गोष्टींसाठी रस्त्याकडेची झाडी. तिथून उतरून मुली थेट शर्यतीला उभ्या राहायच्या आणि जिंकून यायच्या. खेळासाठी शिष्यवृत्ती नव्हती, म्हणून रोज काही तास आवारात काम करून फी भागवायची.

(दृश्य : मे फॅग्जचं छायाचित्र.)

या संघाचं नाव पडलं टायगरबेल्स, आणि त्यांची थोरली बहीण म्हणजे मे फॅग्ज. उंचीने अगदी लहानखुरी. न्यूयॉर्कची ही मुलगी सोळाव्या वर्षी लंडन ऑलिंपिकला जाऊन आली होती, १९५२ मध्ये हेलसिंकीला रिले संघातून सुवर्णही घेऊन आली. त्यानंतर ती टेनेसी स्टेटमध्ये दाखल झाली. आपल्या तालमीत वस्तादाइतकंच थोरला पैलवानही धाकट्याला घडवतो ना, तसं इथे झालं. एक बारकुडी शाळकरी पोरगी सुट्टीच्या सराव शिबिराला यायला लागली होती. तिला शर्यतीची रीत मे ने शिकवली.

त्या पोरीचं नाव विल्मा रुडॉल्फ.

क्लार्क्सव्हिल गावच्या कुटुंबातलं बावीस भावंडांमधलं विसावं अपत्य. पोलिओ झालेला, डाव्या पायाला आधाराच्या पट्ट्या. उपचारासाठी आई तिला बसने याच नॅशव्हिलला आणायची. पुढे ती शाळेत बास्केटबॉल खेळायला लागली, आणि टेंपल सर त्या सामन्यांना पंच होते. शिट्टी वाजवता वाजवता त्यांनी तिचे पाय हेरले.

१९५६, मेलबर्न ऑलिंपिक. अमेरिकेच्या रिले संघात चारही मुली टेंपल सरांच्या, त्यात मे फॅग्ज आणि सोळा वर्षांची विल्मा. ब्राँझ मिळालं.

सरांची शिस्त मात्र सर्वांना सारखीच. सरावाला जेवढी मिनिटं उशीर, तेवढ्या फेऱ्या जास्त. एकदा विल्माला जाग आली नाही, अर्धा तास उशीर झाला. तीस फेऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सर आले, तर बाई अर्धा तास आधीपासून ट्रॅकवर येऊन बसलेल्या!

(दृश्य : १९६०, रोम.)

रोममध्ये टेंपल सर अमेरिकेच्या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक. विल्माने १०० मीटर जिंकली, २०० मीटर जिंकली. मग रिले : मार्था हडसन, ल्युसिंडा विल्यम्स, बार्बरा जोन्स, विल्मा रुडॉल्फ. चौघी टेनेसी स्टेटच्या. शेवटच्या बदलात बॅटन हातातून निसटता निसटता राहिला, विल्मा मागे पडली, आणि तिथून जर्मनीच्या धावपटूला गाठून पुढे गेली. एकाच ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकं, हे तोवर कुठल्याच अमेरिकन धावपटू स्त्रीला जमलं नव्हतं.

गावात जंगी मिरवणूक ठरली. विल्माची अट एकच : काळे-गोरे वेगवेगळे बसणार असतील तर मी येणार नाही. क्लार्क्सव्हिलच्या इतिहासात पहिल्यांदा सगळं गाव एकत्र जमलं, ते तिच्या स्वागतासाठी.

विल्माची गोष्ट जगाला पाठ आहे. वायोमिया टायसची नाही, आणि माझी खरी तक्रार हीच आहे. जॉर्जिया राज्यातल्या ग्रिफिन गावची ही मुलगी. १९६४, टोकियो : १०० मीटरमध्ये सुवर्ण, आणि रौप्य तिचीच सहकारी ईडिथ मॅग्वायर हिला. ईडिथने २०० मीटरचं सुवर्ण नेलं. १९६८, मेक्सिको : टायसने १०० मीटर पुन्हा जिंकली, तीही विश्वविक्रमासह. लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये १०० मीटर जिंकणारी ती पहिली व्यक्ती. स्त्री नव्हे, व्यक्ती. तिच्या आधी एकाही पुरुषाला ते साधलं नव्हतं. अमेरिकन धावपटू कार्ल लुईसने तिची बरोबरी केली ती वीस वर्षांनी. त्याच मेक्सिकोत टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटूंनी पदक घेताना वर्णभेदाविरुद्ध मुठी उंचावल्या, ते छायाचित्र जगभर गेलं. टायसने निषेध म्हणून काळी चड्डी घालून शर्यत धावली आणि आपलं रिलेचं पदक त्या दोघांना अर्पण केलं. कॅमेरे तिकडे वळलेच नाहीत.

(दृश्य : टेंपल सरांचा पुतळा, नॅशव्हिल.)

चव्वेचाळीस वर्षांत टेंपल सरांच्या चाळीस मुली ऑलिंपिकला गेल्या. २३ पदकं, त्यातली १३ सुवर्ण. पण सरांना पदकांपेक्षा दुसऱ्याच आकड्याचा अभिमान : चाळिसांपैकी एकोणचाळीस जणी पदवीधर झाल्या. ते स्वतः इथे समाजशास्त्र शिकवायचे. पळणं काही वर्षांचं, पदवी जन्माची, हे त्यांचं गणित पक्कं होतं. विल्माही पदवी घेऊन क्लार्क्सव्हिलला परतली ती शिक्षिका म्हणून.

शहराने सरांचा पुतळा उभारला २०१५ मध्ये, बेसबॉल मैदानाशेजारी. तो पाहायला ते स्वतः होते. पुढच्याच वर्षी गेले. विल्मा १९९४ मध्येच गेली होती. विद्यापीठात मुलींच्या वसतिगृहाला आता तिचं नाव आहे.

१९९४ मध्ये सर निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या जागी आली चँड्रा चीझबरो. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधली दोन रिले सुवर्णपदकं आणि ४०० मीटरचं रौप्य तिच्या नावावर. ती टायगरबेल्सपैकीच, सरांच्याच हाताखाली तयार झालेली.