यादीत नाव आहे का?

(ग्रामपंचायतीचा सूचनाफलक. टळटळीत दुपार.)

फलकाची काच केव्हाच फुटलीय. आत पाणीपट्टीची थकबाकी, लसीकरणाची तारीख, एक मळका आदेश आणि कोपऱ्यात लाभार्थ्यांची यादी. नवव्या नावापर्यंत वाचता येते. पुढे पावसाच्या ओघळाने पसरलेली निळी शाई.

(सेवा केंद्र. लॅपटॉपचा पडदा, जवळून.)

इथे मात्र ती लख्ख दिसते. पीएम किसान या केंद्राच्या योजनेची वेबसाइट. राज्य निवडा, जिल्हा निवडा. मग उपजिल्हा, मग ब्लॉक. आपल्याकडे दोन्ही म्हणजे तालुकाच, तरी दोनदा निवडायचा. शेवटी गाव. केंद्रचालक पोराच्या बोटांना हे पाठ झालंय.

आता रकाने बघा. अनुक्रमांक. शेतकऱ्याचं नाव. स्त्री की पुरुष. संपलं. गट नंबर नाही, किती हप्ते मिळाले ते नाही, कुणाचा का थांबला तेही नाही. वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते. २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे आणखी ६,०००. एवढा पैसा या नावांवर जातो, आणि कुणाला किती पोचला ते ज्याच्या त्याच्या मोबाइलच्या ओटीपीआड.

(अंगठ्याचं मशीन. लाल उजेड.)

ई-केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी. बोट पुसा, ठेवा. पदराला पुसा, पुन्हा ठेवा.

(इथे निवेदन नाही. मशीनचा आवाज राहू द्या.)

माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्याच्या कलम ४ मध्ये लिहिलंय की अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, रक्कम किती, लाभार्थी कोण, हे खात्याने आपणहून जाहीर करायचं. तरी अर्ज करावा लागतोच. अशाच एका अर्जाच्या उत्तरातून २०२१ च्या जानेवारीत बाहेर आलं, की पीएम किसानचे १,३६४ कोटी रुपये २०.४८ लाख अपात्र लोकांना गेले. निम्म्याहून जास्त प्राप्तिकर भरणारे. पंजाब पहिला, आसाम दुसरा, तिसरे आपण.

(देवळाचा पार. ग्रामसभा.)

चावडी वाचन, म्हणजे यादी गावासमोर मोठ्याने वाचणं. २०१७ च्या कर्जमाफीतही अर्जदारांच्या याद्या अशाच गावोगाव वाचल्या होत्या. ग्रामसेवक नाव घेतात, थांबतात.

"ते वारले की, भाऊसाहेब. दोन वर्षं झाली."

पेनाची रेघ. पुढचं नाव.

"हा पुण्याला. सरकारी नोकरीत."

हशा पिकतो. ज्याचं नाव, त्याचा चुलताही हसतोय. आधार, बँक खातं, सातबारा सगळं जोडूनही जे मशीनला सापडलं नाही, ते इथे तासाभरात निघतं, तेही बिनखर्चाचं. आम्हाला विचाराल तर हप्ता सोडण्याआधी दर वेळी हे व्हायला हवं.

मागून एक म्हातारी विचारते, "आन् माझं का न्हाई?"

भाऊसाहेब पानं उलटतात. वगळलेल्यांची यादी त्यांच्याकडे नाही.

अपात्रांना वसुलीच्या नोटिसा गेल्या. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती कधी नाकारता येते ते सांगणारं माहिती अधिकाराचं कलम ८ बदललं. 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार देणं सोपं झालं.

(संध्याकाळ. पुन्हा तोच फलक.)

वाचून झालेली यादी भाऊसाहेब फलकावर लावतात. काच नाही, म्हणून चार टाचण्या.

(आभाळ भरून आलेलं.)