मचाणावरचं पाऊल

नमस्कार श्रोतेहो.

सातारा जिल्ह्यात राहून उंची टाळायची म्हटली, तरी ती टळत नाही. घराबाहेर पडलं की डोक्यावर अजिंक्यतारा. वाईहून पाचगणीला जायचं तर पसरणीचा घाट, कासला जायचं तर यवतेश्वरचा घाट, समर्थांच्या दर्शनाला जायचं तर सज्जनगडाच्या पायऱ्या. अशा मुलखात ज्यांना उंचीची भीती वाटते, ती माणसं गप्प राहतात. एसटीत डोंगराकडची खिडकी धरतात. ठोसेघरला गेली तर धबधब्यापर्यंत न जाता चहाच्या टपरीवर बसून राहतात. गडाच्या पायथ्याशी "माझे गुडघे दुखतात, तुम्ही जाऊन या" असं सांगून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळतात. मीही त्यांच्यातलीच. आज मला या माणसांशी बोलायचं आहे, आणि त्यांच्या घरच्यांशी त्याहून जास्त.

ही भीती म्हणजे भित्रेपणा नव्हे, हे आधी सांगते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंच टेबलावर जाड काच. एका बाजूला चौकटींचं कापड काचेला चिकटून, दुसऱ्या बाजूला तेच कापड खाली खोल जमिनीवर. रांगणाऱ्या बाळांना मधल्या फळीवर ठेवलं आणि आईला पलीकडून हाक मारायला सांगितलं. उथळ बाजूने बाळं आईकडे गेली. खोल बाजूने मात्र बहुतेक गेली नाहीत. काहींनी काचेवर हात थापटून पाहिले, काच हाताला लागत होती, तरी डोळ्यांना दिसणारी खोली त्यांना पुढे जाऊ देईना. पुढच्या अभ्यासांतून असंही दिसलं की बाळ रांगण्यात जसजसं तयार होतं तसतशी ही सावधगिरी वाढते.

मग मोठेपणी काहींना ती इतकी का छळते? त्याचं एक कारण आपल्या तोल सांभाळण्यात आहे. उभं असताना आपण कधीच पूर्ण स्थिर नसतो, किंचित हलत असतो. ते हलणं शरीराला तिघांकडून कळतं: कानाच्या आतला भाग, पायांचे स्नायू आणि सांधे, आणि डोळे. डोळ्यांचं काम जवळच्या वस्तूंवर चालतं. आपण जरा झुकलो की समोरची भिंत, खांब, झाड सरकल्यासारखं दिसतं आणि शरीर स्वतःला सावरून घेतं. कड्यावर समोर जवळचं काहीच नसतं. दरीपलीकडचा डोंगर इतका लांब असतो की आपण हललो तरी तो जागचा हललेला दिसत नाही. डोळ्यांची साथ सुटते, हलणं वाढतं, पोटऱ्या ताठ होतात, आणि मनाला वाटतं, आता गेलो. म्हणून कठड्याला नुसता हात टेकवला, जवळच्या एखाद्या झाडावर नजर लावली किंवा खाली बसलं की लगेच बरं वाटतं. एक गोष्ट मला स्वतःला फार धीर देऊन गेली. उंचीच्या भीतीत नाडी आणि रक्तदाब सहसा वाढतात, त्यामुळे माणूस यात क्वचितच बेशुद्ध पडतो. "मी पडेन" असं वाटणं आणि पडणं यांत बरंच अंतर आहे.

भीती वाढवतो तो आपला पळ. कड्यापासून मागे फिरलं की क्षणात हायसं वाटतं, आणि मन नोंद करून ठेवतं की मागे फिरलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी ते आणखी दहा पावलं आधीच थांबवतं. यावरचा उपाय जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९५८ साली पद्धतशीर मांडला: आधी शरीर सैल सोडायला शिकायचं, मग भीतीच्या गोष्टींची सोप्यापासून अवघडापर्यंत उतरंड लावायची, आणि एक पायरी सवयीची झाल्याशिवाय दुसरीला हात घालायचा नाही. त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी जर्मन कवी गटे यांनी हे स्वतःच्या बुद्धीनं केलं होतं. १७७०-७१च्या सुमारास ते स्ट्रासबुर्गला कायदा शिकत होते. तिथल्या चर्चचा मनोरा त्या काळी जगातली सर्वांत उंच इमारत होता. ते एकटेच वर चढत, आधी आडोशाला पाव तास बसून राहत, मग उघड्यावर जेमतेम हातभर चौकोनी जागेवर उभे राहत. भीतीचा जोर सरेपर्यंत त्यांनी हे पुन्हा पुन्हा केलं. पुढे डोंगरांतल्या प्रवासात त्याचा त्यांना फार उपयोग झाला. ते एकटे चढत हे मला महत्त्वाचं वाटतं. मागून कोणी ढकलत नव्हतं, वेळ त्यांच्या हातात होती.

माझी उतरंड साताऱ्यातलीच होती. सुरुवात 'चार भिंती' या शहरालगतच्या टेकडीवरच्या स्मारकापासून, कारण तिथून शहर दिसतं पण पोटात खड्डा पडत नाही. मग गडाच्या पायऱ्या, आतल्या बाजूने, हात दगडावर ठेवून. सज्जनगडावर धाब्याच्या मारुतीपाशी उरमोडी धरणाचं पाणी दिसतं, तिथे मी पहिल्यांदा कडेपासून लांब खाली बसून राहिले. भीती आली की उठायचं नाही, श्वास सावकाश सोडायचा, एवढंच मी स्वतःशी ठरवलं होतं. भीती चढते, काही वेळ टिकते आणि बसून राहिलं तर उतरते. हे आधी ऐकलं होतं, पण खरं कळलं त्या दगडावर.

झिपलाइनचं, म्हणजे ताणलेल्या दोराला लटकून घसरत पलीकडे जाण्याचं, मनात आलं ते जंगलामुळे. महाबळेश्वरचं रान मी आयुष्यभर खालून पाहिलं. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा यांच्या माथ्यावर काय चालतं ते माहीत नव्हतं. १९७०च्या दशकात कोस्टा रिकाच्या वर्षावनांत जीवशास्त्रज्ञ झाडांच्या शेंड्यांचा अभ्यास करायला दोरावरून वर जाऊ लागले. पुढे तिथेच पर्यटकांना एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेणारे दोर आले. त्याचं वाचल्यापासून शेंडे जवळून पाहायची इच्छा भीतीच्या शेजारीच येऊन बसली होती.

पाचगणी-महाबळेश्वरच्या बाजूला, माझ्या भाचीबरोबर मी शिडीने मचाणावर चढले. वर पाय ठेवण्याआधीच तिथल्या मुलानं माझा सुरक्षा-दोर खांबाच्या तारेला अडकवला. मुलगा जवळच्याच गावातला. मांड्यांचे आणि कमरेचे पट्टे त्यानं एकदा ओढून पाहिले, मग मला ओढून पाहायला लावले. कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा, स्क्रू बंद आहे हे बोटानं दाखवलं. पोलादी दोर एक नव्हे, दोन होते. दोर मधोमध झोळ खातो, म्हणून पहिल्या निम्म्यात वेग वाढतो आणि पुढे चढ लागून आपोआप कमी होतो, पलीकडे ब्रेक आहे, हेही त्यानंच समजावलं. एवढं कळल्यावर मन जरा जागेवर आलं. पाय मात्र आले नाहीत. मचाणाच्या कडेला उभं राहणं हा त्यातला सगळ्यात अवघड भाग आहे, आणि त्याचं कारण मघाशी सांगितलंच: समोर जवळचं काही नसतं आणि तोल अजून तळव्यांवर असतो.

रांगेतून आवाज आला, "ढकला हो, एकदा गेल्या की झालं!" भाची ओरडणाऱ्याकडे वळली, पण त्याआधी तो मुलगा शांतपणे म्हणाला, "काकू, घाई न्हाई. तुमी म्हनाल तवाच. न्हाईच वाटलं तर शिडी हितंच हाय." मग म्हणाला, "आधी नुसतं बसा, पाय फळीवरच ऱ्हाऊ द्या." मी गुडघे वाकवले, सगळा भार पट्ट्यांवर गेला. त्या क्षणी तोल सांभाळायचं काम माझ्या पायांकडे उरलंच नाही. दोरानं मला धरलंय हे डोक्याला आधी माहीत होतं, आता मांड्यांना आणि कमरेला कळलं. मी "सोडा" म्हटलं नाही. मीच पाय उचलले.

पहिला क्षण पोटात गोळा आणणारा होता, ते खरं. पुढे वारा आणि पुलीचा आवाज. खाली शेंडे, आणि हिरवे किती प्रकारचे असतात ते तिथे दिसलं. फांद्यांवर शेवाळाचे थर आणि त्यांत आमरीची, म्हणजे ऑर्किडची, रोपटी. एका झाडावर काटक्या-पानांचा मोठा गोल: शेकरूचं घरटं. आजवर ते मान मोडेपर्यंत वर करून पाहत आले, यावेळी ते डोळ्यांसमोरून गेलं. पुढच्या मचाणावर भीती पुन्हा आली. पण तिची उंची कमी झाली होती.

आता घरच्यांशी बोलते. बाबांनो, कोणाला ढकलू नका. गंमत म्हणूनही नाही, "भीती मोडते" म्हणूनही नाही. ढकललेल्या माणसाचं शरीर उंचीबद्दल काही नवं शिकत नाही. आपल्या माणसांकडे पाठ करून उभं राहू नये, एवढं मात्र ते शिकतं. आणि भीती नसल्याचं दाखवायला कठड्यापलीकडे जाऊन फोटो काढणं तर मुळीच नको. २०१८ साली आंबेनळी घाटात बस दरीत कोसळली, तेव्हा महाबळेश्वरचे ट्रेकर्स दोरानं खाली उतरले. ज्यांना दरी रोजची आहे त्यांच्या कामाची रीत पाहा: आधी दोर कशाला बांधलाय ते पाहायचं, मग गाठ, मग तीच गाठ दुसऱ्याच्या नजरेखालून. त्यात शौर्याचा आव नसतो, काळजी असते.

झिपलाइनला जाणाऱ्यांनी हृदयाचा त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण हे आधी डॉक्टरांना सांगावं. सपाट जमिनीवरही भोवंडत असेल तर तो कानाचा आजार असू शकतो, त्याची तपासणी आधी. वजनाची मर्यादा विचारा. दुसरा दोर आहे का, हार्नेस म्हणजे अंगावरचे पट्टे कोण तपासतं, हेल्मेट कुठे आहे, हे विचारायला लाजू नका. उत्तर देताना जो चिडेल, त्याच्या मचाणावर चढू नका. आणि जे असे दोर चालवतात त्यांना माझी विनंती आहे. जमिनीपासून थोड्याच उंचीवर एक छोटा दोर ठेवा, तिथे माणसाला पट्ट्यांत बसून पाहू द्या. वरून खाली उतरायची शिडी उघडी ठेवा आणि ती आहे हे आधीच सांगा. परत जायची वाट आहे हे कळल्यावरच माझ्यासारख्यांना पुढची वाट सुचते.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी पावसाळा सरू द्यावा, दगड वाळू द्यावेत. सकाळी उन्हं कोवळी असताना चार भिंतींपाशी या. कठड्याला हात लावून शहराकडे पाहा, नको वाटलं तर खाली बसा. सोबत असा माणूस आणा की जो तुम्ही थांबलात की थांबेल, आणि घड्याळ पाहणार नाही.

नमस्कार.