विमानं बदलली, शरीर तेच

मंडळी, बेंगळुरूच्या जुन्या विमानतळ रस्त्यावर हवाई दलाची एक संस्था आहे, इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन. गगनयानामुळे तिचं नाव हल्ली पेपरात येतं, पण तिचा जन्म काही अंतराळासाठी झालेला नाही. 1957 साली ती 'स्कूल ऑफ एव्हिएशन मेडिसिन' म्हणून सुरू झाली, तेव्हा हवाई दलात जेट विमानं येऊन स्थिरावली होती आणि त्या उंचीला, त्या वेगाला माणसाचं शरीर पुरं पडत नव्हतं. इंजिनाची ताकद वाढवता येते, हृदयाची नाही. संस्थेची पुढची सगळी वाढ मला या तफावतीतूनच झालेली दिसते.

उंचीचंच घ्या. वैमानिकांना एका बंद कक्षात बसवतात, आतला दाब कमी करत 25,000 फुटांवरची स्थिती आणतात आणि ऑक्सिजनचा मास्क काढायला सांगतात. हातात कागद-पेन्सिल. शंभरातून सात-सात वजा करत जायचं. पहिल्या ओळी सरळ येतात. मग अक्षर फाकतं, तीच वजाबाकी दोनदा होते, नखं निळसर पडतात. आणि गडी मात्र मजेत! दुखत काहीच नाही, त्यामुळे आपलं बिघडतंय हे त्याला कळतच नाही. शुद्ध हरपण्याआधी अक्कल जाते, आणि त्या उंचीवर हाताशी असतात जेमतेम तीन ते पाच मिनिटं. कुणाच्या बोटांना मुंग्या येतात, कुणाला नुसतंच गरम होतं. ज्यानं त्यानं आपली खूण इथं जमिनीवरच ओळखून ठेवायची.

दुसरं यंत्र सेंट्रिफ्यूज. लांब भुजेच्या टोकाला एक कुपी, आत माणूस, आणि ती भुजा गरगर फिरते. 9 जी म्हणजे पृथ्वीच्या ओढीच्या नऊपट जोर, सत्तर किलोचा माणूस सहाशे तीस किलोचा! रक्त पायांकडे ओढलं जातं. आधी रंग फिके पडतात, मग कडेचं दिसेनासं होतं, मग अंधार. जी-सूट मांड्या आणि पोट आवळतो, पण पाय-पोट ताठ धरून ठरावीक लयीत श्वास घ्यायची कसरत ज्याची त्यानंच करायची असते.

एवढी तयारी घरात होती म्हणून 1982 मध्ये सोव्हिएत मोहिमेसाठी माणूस निवडायची वेळ आली तेव्हा फार शोधाशोध करावी लागली नाही. राकेश शर्मांनी पुढे मुलाखतींत सांगितलंय, बंद जागेची भीती आहे का ते पाहायला त्यांना एका खोलीत 72 तास कोंडलं होतं. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून बाहेर पडलेला हा माणूस 3 एप्रिल 1984 ला सोयूझ टी-11 मधून वर गेला. गगनयानाच्या निवडीची पहिली फेरीही 2019 मध्ये याच संस्थेत झाली.

पण तिचं रोजचं काम वेगळंच आहे, आणि ते वैमानिकांना फारसं आवडत नाही. जगात कुठंही जा, वैमानिक डॉक्टरला जरा बिचकूनच असतो. मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीनुसार मिळणारी श्रेणी, उतरली की उड्डाण बंद. इजेक्शन सीट माणसाचा जीव वाचवते, पण त्या धक्क्यानं कधी कधी मणका मोडतो. हाड जुळल्यावर तो परत लढाऊ विमानात बसणार, की मालवाहू विमानावर जाणार, की कायमचा जमिनीवर? ही प्रकरणं आजही देशभरातून तपासणीसाठी इथंच येतात.